१५० अक्षरांत मी कोण?

चिकणमाती
नमस्कार मंडळी. काम किरकोळ आहे, पण त्यात तीन रात्री गेल्या म्हणून इथे टाकतोय.

पुढच्या महिन्यात पणजीत आम्ही सात-आठ जण मिळून छोटं प्रदर्शन करतोय. प्रत्येकाने आपली ओळख लिहून द्यायची, इन्स्टाग्रामच्या बायोत मावेल एवढीच. म्हणजे १५० अक्षरं. माझं इन्स्टाचं पान मावसबहिणीने दोन वर्षांपूर्वी उघडून दिलं, त्यात ही जागा अजून रिकामी आहे.

पार्श्वभूमी सांगतो. डिचोली तालुका. आजोबांपासून घरात गणपतीची शाळा. (गोव्याबाहेरच्यांसाठी: शाळा म्हणजे चित्रशाळा, चतुर्थीच्या मूर्ती होतात ती जागा. आमच्याकडे मुलं नाहीत, छडी मात्र आहे.) आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयातून उपयोजित कला केली. पणजीत जाहिरातींच्या ऑफिसात नोकरी: बिस्किटांचे पुडे, बँकांचे फलक, निवडणूक आली की सगळेच पक्ष. पाऊस सुरू झाला की संध्याकाळची बस पकडून घरी आणि रात्री अकरापर्यंत माती.

आता लिहू काय? "मूर्तिकार" लिहिलं तर बाबा मिशीत हसतात, कारण डोळ्यांची आखणी ते अजून माझ्या हाती देत नाहीत. "ग्राफिक डिझायनर" लिहिलं तर मूर्ती बघायला आलेला माणूस विचारतो, म्हणजे हे सगळं कॉम्प्युटरवर करता? "आर्टिस्ट" लिहायची लाज वाटते. "तिसऱ्या पिढीचा" असं सुरू केलं की मिठाईचं दुकान वाटतं.

दुसरी गोष्ट. गेल्या चतुर्थीला बाबांच्या हाताचा फोटो टाकला होता, आखणी करतानाचा. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकलेली, ब्रश दोन केसांचा. एका पर्यटनाच्या पानाने तो उचलला, कोपऱ्यातलं माझं नाव कापून. लाइक हजारांनी. खाली इंग्रजीत काव्य: गोव्याची हरवत चाललेली कला वगैरे. मी ते वाचत होतो तेव्हा बाबा शेजारीच चहा पीत बसले होते. हरवलेले दिसत नव्हते.

तुम्ही लोक स्वतःला काय म्हणवता?

निळी_खाडी
मिठाईचं दुकान! हसून हसून पुरेवाट.

मी मडगावची. बाबांचं कापडाचं दुकान, घरात चित्र काढणारं कोणी नाही. आई रांगोळी अशी काढते की पाय ठेवायला जीव होत नाही, पण ती त्याला चित्र म्हणत नाही. पुण्यात सहा वर्षं ॲनिमेशन स्टुडिओत होते, २०२० मध्ये लॅपटॉप घेऊन घरी आले ती परत गेलेच नाही. आता मुलांच्या पुस्तकांची चित्रं करते, कामं मुंबई-बंगळूरची.

माझ्या बायोत चार वर्षं एकच ओळ होती, इंग्रजीत. त्यात समुद्र होता, "सुशेगाद" (म्हणजे गोव्याचा निवांतपणा) होतं, माडाचं चिन्हही होतं. मग कामंही तशीच यायची: माड, होडी, पिवळं घर, खिडकीत मांजर. एकदा बसून मोजलं तर एका वर्षात एकोणीस पिवळी घरं निघाली. मी राहते तिथून समुद्र दिसत नाही हो, रेल्वेचा पूल दिसतो. ती ओळ काढली आणि लिहिलं: मुलांच्या पुस्तकांची चित्रं. मडगाव. कामासाठी ईमेल. शे-दोनशे लोक निघून गेले, पिवळी घरं बंद झाली.

अजून एक दुखणं सांगून टाकते. गोव्यात पेन हातात धरणाऱ्या प्रत्येकाला आठवड्यातून एकदा कोणीतरी "मारिओसारखं काढ ना" म्हणतंच. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा मलाही देवासारखे. त्यांनी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. १९४९, ५० आणि ५१ या सालांच्या त्यांच्या चित्रमय रोजनिश्या पुस्तकरूपाने आल्या आहेत, त्या जरूर बघा. गावातली लग्नं, पाद्री, मित्र, कुत्री, रोज एक पान. विशी-पंचविशीतला पोरगा हे भरत बसलाय. मी तेवढं एकच उचललंय, रोज एक पान. त्यातली दहातली नऊ मी कुठेही टाकत नाही.

दिवसा_सरकारी
माझी ओळख अक्षरांत मावायची नाही, दोन पाळ्यांत मावते. नऊ ते साडेपाच फायली, पुढे नाटक.

वडील पडदेवाले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: आमच्याकडे देवळाची जत्रा म्हटली की गावच्या हौशी मंडळींचं नाटक आलंच. त्यासाठी रंगवलेले पडदे भाड्याने लागतात: राजवाडा, जंगल, रस्ता, दरबार. ड्रेपरीवाला (पोशाख देणारा) वेगळा, मेकअपवाला वेगळा, ऑर्गन-तबला वेगळा. वडिलांकडे अकरा पडदे होते. हंगामात ते टेम्पोत घालून पेडण्यापासून काणकोणापर्यंत. मी लहानपणी दरबाराच्या पडद्यावर झोपलोय, गुंडाळी करून. त्याला रॉकेल आणि खळीचा वास यायचा, अजून नाकात आहे.

मी प्रकाशयोजना करतो. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत आमच्या मंडळाचं नाटक असतं, त्यात माझं नाव पत्रिकेवर शेवटून दुसरं. शेवटचं "चहापान व्यवस्था". ऑनलाइन मला शोधलंत तर एकच गोष्ट सापडेल: खात्याच्या बदल्यांची यादी, पीडीएफ.

प्रकाशयोजनेचा फोटो काढता येत नाही हे कोणी लक्षात घेत नाही. मोबाइलचा कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो. मी पाऊण तास खपून अंधार तयार केलेला असतो, आणि व्हिडिओत सगळं लग्नाच्या हॉलसारखं लख्ख. मग टाकू काय?

गावठी_पाव
चहापान व्यवस्थेचं नाव सगळ्यात शेवटी हा अन्याय आहे. निषेध.

दिवसा_सरकारी
@गावठी_पाव, पुढच्या वेळी तुम्हीच या. साठ माणसं, दूध दोन लिटर.

आणि चिकणमाती, तुम्ही डिझाइनवाले भेटलाच आहात तर एक तक्रार ऐका. गेल्या वर्षी आमच्या नाटकाचा फलक एका हुशार पोराने कॉम्प्युटरवर करून दिला. रात्री छापून आला. "जत्रोत्सवानिमित्त" मधला त् हलन्त घेऊन एकटा लटकतोय, पुढे सवा वेगळा, आणि "निमित्त"मधली पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर चढलेली. सहा फुटी फलक, देवळाच्या कमानीवर. मुख्य नट त्याखाली उभा राहून फोटो काढत होता, त्याला काहीच खटकलं नाही. मला घाम फुटला.

चिकणमाती
हे रोजचं मरण आहे. कारण सांगतो, उपयोगी पडेल. डिझाइनची बरीच सॉफ्टवेअर मुळात रोमन लिपीसाठी घडलेली. जोडाक्षरं जोडणं आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे नेणं हे फॉन्टच्या आतल्या नियमांनी होतं. सॉफ्टवेअर ते नियम वाचत नसेल तर अक्षरं सुटी पडतात. सेटिंगमध्ये मजकुराचा एक पर्याय असतो, दक्षिण आशियाई किंवा जागतिक लिपींसाठीचा. तो एकदा चालू करायचा आणि फाइल पुन्हा उघडायची. शिवाय फॉन्ट युनिकोडचा हवा. छापखान्यांत अजून जुने फॉन्ट आहेत, त्यातला मजकूर युनिकोडमध्ये चिकटवला की डाळ-तांदूळ एकत्र. त्यांना फाइल देताना अक्षरांची बाह्यरेषा करून द्यावी, म्हणजे काही हलत नाही.

आणि हो, हेही कळलं: बायोची १५० अक्षरं मोजताना काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजतात. "मूर्तिकार" आपल्याला चार अक्षरं दिसतात, मोजणीत नऊ. मराठीत लिहिणाऱ्याच्या वाट्याला जागा निम्मीच.

पाटी_पेन्सिल
मी निवृत्त शिक्षक. कविता करतो, म्हणजे करीत असे. आता नातवाने फोनवर बोलून टंकलेखन शिकवले आहे, त्यामुळे काही चुका फोनच्या आहेत असे समजावे.

गोवा मुक्त झाला, १९ डिसेंबर १९६१, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्याआधी सकाळी पोर्तुगीज शाळेत प्रिमेर ग्राव (प्राथमिकचा पहिला टप्पा) आणि संध्याकाळी देवळाच्या अग्रशाळेत मराठीचे मास्तर, कंदिलाच्या उजेडात. मास्तरांना पगार म्हणून तांदूळ, नारळ आणि चतुर्थीला धोतरजोडी. माझी कवितेची पार्श्वभूमी विचाराल तर ती त्या कंदिलाची काजळी.

नातवंडे मला मराठी संदेश रोमन लिपीत पाठवतात. सुरुवातीला रागावलो. मग आठवले की फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली इथेच रायतूरला छापले गेले, ते मराठीच, आणि लिपी रोमन. हिंदुस्थानातला पहिला छापखानाही गोव्यातच उतरला, १५५६ साली. म्हणजे रोमन लिपीतली मराठी ही नातवंडांची खोड नव्हे, चारशे वर्षांची आपलीच जुनी सवय. त्यांना हे सांगितले, तर उत्तर आले, "के". रोमन एक अक्षर. १५० पैकी १४९ शिल्लक.

निळी_खाडी
काका, "के" ला उत्तर म्हणून तुम्ही "ख" पाठवा.

कंदील_नाक्यावर
विषय निघालाच आहे तर विचारतो. गोव्यात राहून बायो मराठीत का? कोकणीत लिहा की. की दोन्हीकडचे अनुयायी हवेत?

पाटी_पेन्सिल
१९८७ चा राजभाषा कायदा वाचावा, कोकणी राजभाषा आणि मराठीचाही वापर, दोन्ही त्यात आहेत. त्यापलीकडे ह्या वादात मी तारुण्याची पाच वर्षे घातली, म्हातारपणाची घालणार नाही. बाकीबाब बोरकरांचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रात ते मराठीचे मोठे कवी, आणि १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो कोकणी कवितेला. त्यांच्या बायोत काय लिहायचे ते तुम्ही ठरवा, मी तोवर चहा घेतो.

गावठी_पाव
घरात कोकणी, पेपरात मराठी, शिव्या पोर्तुगीज, बायो इंग्रजीत. चला पुढे.

षड्ज_शोधते
मी बरेच दिवस नुसतं वाचत होते. "पार्श्वभूमी" हा शब्द आला म्हणून लिहिते.

फोंडा तालुका. आमच्या घरात गाणं बायकांकडून आलं. पणजी देवळाच्या सेवेत गायची. आजीने गाणं सोडलं, म्हणजे चारचौघांत सोडलं, न्हाणीत गायची. आईने मला क्लासला घातलं तेव्हा फॉर्मवर "घरात कोणी गात होतं का?" असा रकाना होता. आईने पेन उचललं, थांबली आणि "नाही" लिहिलं. मी नऊ वर्षांची होते, मला ती थांबलेली आठवते.

राजाराम रंगाजी पैंगीणकर हे आमच्याच, देवळाच्या सेवेतल्या समाजातले सुधारक. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच "मी कोण?" आहे. ज्यांनी वाचलंय त्यांना धाग्याचं शीर्षक बघून माझ्यासारखंच काहीतरी झालं असेल. आमच्या समाजाला ह्या प्रश्नाचं उत्तर लिहायला १५० अक्षरं नव्हे, दीडशे वर्षं लागली म्हणा.

आता गंमत बघा. गायिका केसरबाई केरी गावच्या म्हणून केरकर. मोगूबाई कुर्डीच्या म्हणून कुर्डीकर. दीनानाथ मंगेशीचे म्हणून मंगेशकर. बापाचं नाव विचारणाऱ्या जगाला ह्यांनी गावाचं नाव दिलं. ह्याच्याहून आटोपशीर बायो कोणी लिहिली असेल तर दाखवा. आणि केसरबाईंचा आवाज तर व्हॉयेजर यानावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गेलाय. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला, बाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला. बाईंना रेकॉर्डिंगचा तिटकारा होता असं जुनी माणसं सांगतात. आता कितीही तिटकारा केला तरी ती तबकडी परत येणार नाही.

मी बायोत शेवटी लिहिलंय: गाते. पणजी गायची. एवढंच. आईला दाखवलं. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने पणजीचा फोटो कपाटातून काढून पुसून मला दिला, "त्यात घाल" म्हणाली. घातला नाही अजून. घालीन.

चिकणमाती
ताई, हे वाचून बायोचा विषय मी उगाच हसण्यावारी नेला असं वाटलं.

षड्ज_शोधते
नाही हो, हसण्यावारीच न्या. मलाही मिठाईच्या दुकानाचं हसू आलं.

आता रडगाणं. एका व्हिडिओ साइटवर मी "मानापमान"मधलं पद टाकलं. ऑर्गनला काका, तबल्याला भाऊ, मागे आमचा पंखा. चार तासांत दावा आला की हे एका संगीत कंपनीच्या मालकीचं. यंत्र चाल ओळखतं आणि जिच्याकडे त्या चालीचं एखादं रेकॉर्डिंग नोंदलेलं असेल तिच्या नावावर टाकून मोकळं होतं. मी घाबरून व्हिडिओ काढणार होते. भावाने हिशेब मांडला. नाटक १९११ चं. भारतात लेखक आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं. खाडिलकर १९४८ ला गेले, तो हक्क २००८ अखेर संपला. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ ला गेले, तोही २०१५ अखेर संपला. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो, पण रेकॉर्डिंग तर आमचंच होतं, पंख्यासकट. हेच मुद्दे लिहून हरकत घेतली. महिनाभरात समोरून काही आलं नाही आणि दावा सुटला.

नाट्यगीतं टाकणाऱ्यांनो, ह्या तारखा वहीत लिहून ठेवा. रागाच्या बंदिशीलाही असे दावे येतात, घाबरून काढू नका.

घुमटाचा_घाट
मी घुमटं करतो आणि वाजवतोही. शिक्षण बारावी, मग आयटीआय फिटर. आमची बायो वाजवूनच कळते, पण आता धंद्यासाठी पान काढलंय.

घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं मडकं. मोठ्या तोंडाला कातडं ताणून बसवायचं, धाकटं तोंड उघडं. एका हाताने कातड्यावर वाजवायचं आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने धाकटं तोंड झाकत-उघडत आवाज फिरवायचा. सगळी गंमत त्या दुसऱ्या हातात. कातडं पूर्वी घोरपडीचं असायचं. घोरपड वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, म्हणून आता बकऱ्याचं लावतो. बकऱ्याचं जाड पडतं, ते खरवडून कागदासारखं करावं लागतं. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख त्यातच गेलं. २०१९ मध्ये घुमट राज्याचं वारसा वाद्य झालं तेव्हापासून मागणी चांगली आहे.

ऑनलाइनची कटकट वेगळीच. एक गिऱ्हाईक परदेशातून, "अस्सल"चं कातडं लावून द्या, पैसे दुप्पट. मी नाही म्हटलं. मग त्याने खाली लिहिलं की हा अस्सल कारागीर नाही. त्याच्या ह्या वाक्याला अठ्ठावीस लाइक. म्हटलं, ये बाबा श्रावणात आमच्याकडे. पावसाळी हवेत घुमटाचा आवाज बसतो आणि आम्ही आरतीआधी घुमटं गॅसवर पापडासारखी शेकतो, ते बघ आणि मग अस्सल काय ते ठरव.

उजेड_मोजणारा
लग्नाचा फोटोग्राफर, सांगे. आजी कुर्डीची. वर कुर्डीकरांचं नाव आलं म्हणून लिहितो.

कुर्डी साळावली धरणात बुडाली. गावची माणसं वालकिणी आणि वाडेला वसवली. मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतो, आणि सोमेश्वराच्या देवळापाशी जुनी माणसं जमतात, उत्सव होतो. मी २०१४ पासून दर मेमध्ये एक काम करतो. ज्या कुटुंबाला हवं त्यांना त्यांच्या घराच्या जोत्यावर उभं करून एक फोटो. जोती चिऱ्याची, बाकी काही उरलेलं नाही. आजी तर घर तुळशीवरून ओळखायची: "हें वृंदावन म्हज्या सासूचें, तडो गेल्लो." मग त्या तड्यापासून पावलं मोजून दारात उभी राहायची. दार नाही, पण वाकून आत शिरायची, चौकट ठेंगणी होती म्हणून.

हे फोटो मी कुठेही टाकत नाही. ज्याचा त्याला छापून देतो, आठ बाय दहा. दोन-तीन वर्षांपूर्वी तिथे कोणाची तरी रील चालली, "पाण्याखालचं भुताटकी गाव". पुढच्या मेमध्ये गाड्यांची रांग, ड्रोन, एक मुलगी आमच्या आजीच्या ओसरीच्या जागेवर नाचत होती. तिचा काय दोष, तिला ती ओसरी दिसतच नव्हती. पण तेव्हापासून मी ठिकाण लिहिणं सोडलं.

लग्नाचे फोटो मात्र रोज टाकतो, त्यावर घर चालतं. माझ्या बायोत फक्त लग्नं आहेत. चांगलं काम बायोबाहेर.

गावठी_पाव
पहिल्यांदाच काही विनोद सुचत नाही.

निळी_खाडी
उजेडदादा, धालोचं, म्हणजे बायकांच्या रात्रीच्या फेर-गाण्यांचं, पण तसंच होतंय हो. आमच्या मावशीच्या गावात बायकांनी मांडावर (खेळायच्या जागी) फोन बंद केलेत ह्या वर्षीपासून. रात्रभर खेळायचं आणि कोणीतरी समोर टॉर्च मारून शूटिंग करायचं, त्यांना वैताग आला.

माझी तक्रार राहिली ती टाकते. एका रिसॉर्टवाल्याने स्विमिंग पूलजवळची भिंत रंगवायला बोलावलं. मोबदला: दोन रात्री राहणं, न्याहारीसकट, आणि आम्ही तुम्हाला टॅग करू. मी मडगावला राहते, मला रात्री राहून काय करायचंय? मी सरळ भिंतीचा चौरस फुटाचा दर सांगितला, निम्मे आगाऊ. तर म्हणतात, गोव्याचे लोक फार प्रोफेशनल झालेत. हे कौतुक होतं की काय कळलं नाही, मी आभार मानले.

कलम_आणि_कायदा
निळी_खाडी, दराबरोबर एक ओळ लेखी घ्या. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. कोणी पैसे देऊन, सांगून चित्र, पोर्ट्रेट किंवा फोटो करून घेतला तर वेगळा करार नसेल तर पहिला मालक करून घेणारा. म्हणजे उद्या तुमची भिंत त्यांनी टी-शर्टवर छापली तर हात चोळत बसाल. करारात लिहा: भिंत त्यांची, चित्राचे बाकी हक्क तुमचे. कलम ५७ मुळे चित्र आपलं आहे असं सांगण्याचा हक्क मात्र हक्क विकल्यावरही राहतो.

चिकणमाती यांचा फोटो कोणाच्या सांगण्यावरून काढलेला नाही, म्हणून हक्क सरळ त्यांचा. मूळ फाइल जपा, त्यात तारीख असते. उचललेल्या पोस्टचा स्क्रीनशॉट दुव्यासकट घ्या. आधी साधा निरोप पाठवा, उत्तर नाही आलं तर साइटकडे रीतसर तक्रार. बहुतेक पानं पहिल्याच निरोपाला नाव घालतात, कारण त्यांनाही भांडायचं नसतं.

चिकणमाती
सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. अहवाल देतो.

निरोप पाठवला. दोन दिवसांनी त्यांनी नाव घातलं. माझं. मी परत लिहिलं की हात बाबांचे आहेत, त्यांचंही घाला. तेही घातलं, स्पेलिंग चुकवून. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "फोटोत माझं नख काळं दिसतंय, ते बदलता येतं का?"

मग बायोचं सांगितलं. १५० अक्षरं ही भानगड त्यांना कळेना. उठून मागच्या खोलीत घेऊन गेले. तिथे भिंतीला पाट उभे असतात, मूर्ती बसवायला गिऱ्हाइकं आणून देतात ते. प्रत्येक पाटाच्या खालच्या बाजूला रंगाने लिहिलेलं असतं: नाव, वाडा, उंची. काही पाटांवर नाव खोडून खाली मुलाचं, ते खोडून नातवाचं. एकावर नुसतं "तळ्याकडला, बैठी, उंदीर उजवीकडे". चाळीस वर्षं तो पाट येतोय आणि माणसाचं नाव बाबांनाही पटकन आठवत नाही. "हे बघ," म्हणाले, "हे एवढं लिहिलेलं पुरतं."

तर मी हे लिहिलंय. ताईंच्या "गाते. पणजी गायची" वरून सुचलं, चोरी मान्य:

दिवसा पणजीत जाहिराती. रात्री डिचोलीत माती. मूर्ती बाबा करतात, मी मळतो, घासतो, रंग भरतो. डोळे: बाबा. पाट जुलैअखेर आणून द्यावा.

काना-मात्रेसकट मोजलं, १२५ भरली.

षड्ज_शोधते
"डोळे: बाबा." ह्याला हात लावू नका.

पाटी_पेन्सिल
उत्तम. "जुलैअखेर" एकत्र लिहिलेत तेही बरोबर.

दिवसा_सरकारी
सुंदर. पत्रिकेवर माझंही असंच लिहायला सांगतो: अंधार, अमुक तमुक.

गावठी_पाव
२५ उरली. फोन नंबर घाला, धंदा करायचाय की नाही?

चिकणमाती
बाबांनी पण हेच सांगितलं, शब्दन् शब्द. घातला.

उजेड_मोजणारा
आमचा पाट जुना आहे, धरणाआधीचा. एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे, पण आजी दुसरा करू देत नाही. त्यावर दीड फुटी बसेल का? बसत असेल तर येत्या रविवारी घेऊन येतो. तुमची गल्ली कुठली ते सांगा.

चिकणमाती
आणा. वाळवीचा कोपरा मागे घेऊ. बाजारातून देवळाकडे चढलात की डावीकडे पिंपळ, त्याच्यासमोर. पाटी नाही, पण दारात माती सांडलेली असते.